मेल्यावरही न जाणारी खोड

ही गोष्ट ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो. आजवर एकाचाही बसलेला नाही. माझ्या गॅरेजाशेजारचा न्हावी तर मी तोंड उघडायच्या आधीच नकारार्थी मान हलवतो. जन्मभर दुसऱ्यांच्या माना धरून ठेवल्यामुळे त्याची स्वतःची मान जरा जास्तच मोकळी झाली आहे, त्याला इलाज नाही. पण गोष्ट इंजिनाची आहे, आणि इंजिन खोटं बोलत नाही. मी बोलतो की नाही, हा प्रश्न निराळा.

परवा दुपारी ही गोष्ट मी गॅरेजात सांगितली. काम थंड होतं. न्हाव्याकडेही गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो दारातल्या जुन्या टायरवर येऊन टेकला होता. माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, कुकरच्या झाकणाचा निघालेला दांडा बसवून घ्यायला आली होती आणि उलट्या ठेवलेल्या ऑइलच्या डब्यावर बसली होती. त्या दोघांना सांगितली तशीच लिहितो.

अक्काच्या नवऱ्याची, आमच्या दाजींची, नदीवर लाँच आहे. नदी चांगली रुंद. पूल आहे, पण त्या पुलावरून वळसा घालून पलीकडे जायचं तर सकाळी निघालेल्या माणसाला दाढी वाढवून पोचावं लागतं.

"माझ्या धंद्याला बरंय ते," न्हावी म्हणाला.

म्हणून सगळे दाजींच्या लाँचनेच जायचे. शाळेतल्या बाई, दूधवाले, सायकली, शेळ्या, आजारी माणसं आणि त्यांना बघायला जाणारी धडधाकट माणसं. अक्का धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोक्यात बसून तिकिटं फाडायची. लाँच दाजींच्या वडिलांच्या वेळची, आणि तिच्या पोटातलं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिनही त्यांच्याच वेळचं. वडील गेले, इंजिन राहिलं. पण त्याचीही लक्षणं काही बरी नव्हती. डिझेलपेक्षा ऑइल जास्त प्यायचं. धूर इतका निळा सोडायचं की पांढरा सदरा घालून लाँचमध्ये बसलेला माणूस पलीकडे उतरायचा तेव्हा घरचे त्याला ओळखायचे नाहीत. थंडीच्या दिवसांत तर हँडल मारायला दोन माणसं आणि शिव्या द्यायला तिसरा लागायचा.

अशात नदीखात्याचा निरोप आला. येत्या सोमवारी तपासनीस येणार. लाँचने पूर्ण भार घेऊन पलीकडे जायचं, वळायचं आणि मध्ये कुठेही न थांबता परत यायचं. जमलं तर परवाना पुढे चालू. नाही जमलं तर फेरीचं काम एका कंपनीला जाणार. त्या कंपनीने कोरी करकरीत मोठी लाँच आणून वरच्या अंगाला बांधून ठेवलीच होती. रोज सकाळी तिचा भोंगा वाजवून दाखवायचे. दाजी तिकडे पाठ करून चहा प्यायचे.

परवाना गेला असता तर दाजींना त्यांच्या थोरल्या भावाच्या गोदामात पोती उचलायला जावं लागणार होतं. भावाने तर जागाही झाडून ठेवली होती म्हणे. थोरल्या भावाच्या हाताखाली काम करणं म्हणजे काय, ते कुठल्याही धाकट्याला विचारा. आणि अक्काचं तिकिटाचं खोकंही गेलं असतं. त्या खोक्यात बसून तिला दोन्ही काठांवरच्या बातम्या सगळ्यांच्या आधी कळायच्या. ते नुकसान कशाने भरून आलं असतं?

"बातम्या माझ्याकडे आपणहून यायच्या," अक्का म्हणाली. "मी विचारायला जात नव्हते."

बरं. तर मी इंजिन खोललं. हेड काढलं आणि सिलिंडरच्या आतून बोट फिरवलं. वरच्या कडेला नख अडकलं. अडकलं म्हणजे काय, तिथे चांगली पायरी झाली होती, लहान मूल बसलं असतं. लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळकांडी, झिजून अंडाकृती झालेले. पिस्टनवर उभे चरे, जणू कुणी नांगर धरला होता. पिस्टनभोवतीच्या रिंगा काजळीत अशा रुतून बसलेल्या की त्यांना आपण गोल आहोत याचाच विसर पडला होता. मग खाली क्रँकवरून, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावरून, नख फिरवलं. ते मात्र गुळगुळीत. म्हणजे मणका शाबूत होता, फुप्फुसं गेली होती.

"दाजी," मी म्हणालो, "लायनर, पिस्टन, रिंगा, तिन्ही बदलायची. बाकीचं मी सांभाळतो."

दाजी तडक बाजारात गेले आणि चकचकीत डबे घेऊन आले. चंदेरी शिक्का, त्यावर सिंहाचं चित्र. डबा उघडला की आतून कागदाचा असा खमंग वास. मी दोन्ही पिस्टन वाण्याच्या तराजूत घातले, एकात एक, दुसऱ्यात दुसरा. एक पारडं धाडकन खाली. एक पिस्टन जेवून आलेला आणि दुसरा उपाशी. अशी जोडी इंजिनात घातली की ते थडथडत फिरतं आणि बूड हलवून टाकतं. मग रिंग लायनरमध्ये आडवी सोडली. रिंगेच्या दोन टोकांत केसाएवढी फट हवी. इथे माझी करंगळी आरामात गेली.

"अहो मेहुणे, डब्यावर शिक्का आहे," दाजी म्हणाले.

"शिक्का डब्यावर आहे ना? मग सिलिंडरमध्ये डबा बसवायचा का?"

दाजींनी डबे उचलले आणि दुकानदाराशी भांडायला गेले. मी गेलो भंगारवाल्याकडे.

आता हा भंगारवाला म्हणजे जुनं खोड. त्याला सगळे खजिनदार म्हणत, कारण कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि कुलूप एकालाही नाही. त्याचं आवार म्हणजे गाड्यांचा परलोक. त्या काळी एकच कंपनी सगळ्यांची इंजिनं बनवायची. बसला सहा सिलिंडर, रोलरला दोन, पिठाच्या गिरणीला एक. पण पिस्टन सगळ्यांना तोच, माप तेच. त्यामुळे कुणाचंही काळीज कुणालाही चालायचं.

खजिनदाराने लायनरसकट पिस्टन काढून माझ्यासमोर मांडले. "जोडीने आलेत, जोडीनेच ने," म्हणाला. "ज्या लायनरमध्ये ज्याचा जन्म गेला, त्यातच त्याला ठेव. आणि हे बघ, हा पिस्टन ना, याची एक गंमत..."

"गंमत नको, माप दाखव," मी म्हणालो.

तिथेच फसलो. स्थळ बघायला जावं, उंची विचारावी आणि घराणं विचारू नये, तसं झालं. माप जुळलं, वजन जुळलं, फटही अगदी केसाएवढी. मी खूश. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. साफ चूक. माणसाची जात असेल. पिस्टनची मेल्यावरही जात नाही.

पहिली जोडी बसवली आणि इंजिन पहिल्या हाताला सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. दाजी माझ्याकडे न बघता सुकाणूपाशी गेले, म्हणजे ते खूश होते. लाँच सुटली. थोडी पुढे गेली आणि भर पाण्यात थांबली. इंजिन चालू, पण लाँच उभी. दाजींनी पट्टा बघितला, पाण्याखालचा पंखा बघितला, मला शिव्या दिल्या. तेवढ्यात एका दूधवाल्याने वैतागून रिकाम्या कॅनवर दोनदा टण्टण् केलं. लाँच चालू लागली. पुढे काही अंतरावर पुन्हा उभी. पुन्हा टण्टण्, पुन्हा चालू.

खजिनदारही धक्क्यावर मजा बघायला आला होता. "हे पिस्टन कुणाचे?" मी त्याला विचारलं. "बसचे आहेत," तो म्हणाला. "तेच तर सांगत होतो."

"पण पाण्यात बसथांबे कुठून आले?" न्हाव्याने विचारलं.

ते पिस्टनला विचार. पण थांबे ठरलेले होते, एवढं खरं. दुसऱ्या दिवशी लोकांनी तिथे बांबू रोवले. एक होडीवाला बांबूशी उभा राहून लाँचची वाट बघू लागला. तेवढंही चाललं असतं. पण लाँच भरलेली असली की ती पलीकडच्या धक्क्यावर थांबेचना. माणसं हात दाखवताहेत, शाळेतल्या बाई छत्री हलवताहेत, आणि ही त्यांच्या अंगावर पाणी उडवून सरळ पुढे. चार माणसं काठाकाठाने तिच्यामागे पळत गेली. बाई म्हणाल्या, "निदान बस तरी हळू होते." दोन वळणांपुढे गेल्यावर कुठे ती दाजींच्या हाताला लागली.

"यात खोटं काय आहे?" न्हावी म्हणाला. "बस अशीच असते."

बघा. बसचं म्हटलं की पटतं.

मी ती जोडी काढली, दुसरी आणली. या वेळी घराणं विचारलं. खजिनदार म्हणाला, "रस्त्यावरच्या रोलरचे. गरीब, कष्टाळू, कधी कुठे थांबायची सवय नाही." आम्हाला तेच हवं होतं. न थांबणारे. घातले.

थांबली नाही, हे कबूल. पण थोडी पुढे गेली आणि तेवढीच मागे आली. मग पुन्हा पुढे, पुन्हा मागे, त्याच पट्ट्यात. दाजी सुकाणू फिरवून फिरवून घामाघूम. सकाळची शाळेची मुलं मधली सुट्टी होईपर्यंत तिथेच. पण काम मात्र चोख हो. त्या पट्ट्यातलं पाणी इतकं सपाट झालं की वारा आला तरी लाट उठेना. एक बगळा उतरला तो घसरत घसरत थेट पलीकडे गेला. कोळी तक्रार करायला आले की खालचे मासे चपटे निघताहेत. तेही एका अर्थी बरंच झालं, तव्यावर नीट बसायचे.

"मासे चपटे?" न्हावी म्हणाला.

"मी विकत घेतला होता एक," अक्का कुकरची शिटी पुसत म्हणाली. "काटा काढायला सोपा होता."

अक्का अशी आहे. भावाला एकटं पाडायची नाही.

तिसरी जोडी पिठाच्या गिरणीची. एक एका गिरणीतला, दुसरा दुसरीतला. त्यात तर इंजिन असं सुंदर चाललं की ऐकत राहावं. लाँच मात्र तसूभर हलली नाही. गिरणीचं इंजिन जन्मभर एका जागी बसून कामं करणारं, त्याला कुठे जायचं असतं हेच माहीत नाही. पंख्याखालचं पाणी तेवढं बारीक दळून निघालं. आणि दळण घ्यायला म्हणून दोन बायका डबे घेऊन धक्क्यावर येऊन बसल्या, त्या वेगळ्याच.

असं करता करता रविवार उजाडला. इंजिन आता एकदाच खोलून एकदाच बसवता येईल एवढाच वेळ उरला होता. वरच्या अंगाला कंपनीचा भोंगा वाजत होता. दाजींनी चहा घेतला नाही. धक्क्यावर बसून ते खालच्या पाण्याकडे बघत होते आणि अक्का तिकिटाच्या खोक्यातून त्यांच्याकडे बघत होती. थोरल्या भावाने निरोप धाडला होता, मंगळवारपासून आलास तरी चालेल.

मी खजिनदाराच्या आवारात गेलो आणि त्याला पहिल्यांदाच म्हणालो, "आता मापं नको सांगूस. घराणी सांग."

तो म्हातारा खुलला. खुर्ची दिली, पाणी दिलं. एक जोडी शववाहिनीची होती. अगदी नव्यासारखी, कधी पळवलेली नाही, कधी हॉर्नसुद्धा वाजवलेला नाही. पण ती जाताना भरलेली आणि येताना रिकामी. आमच्या लोकांना परत यायचं होतं. दुसरी जोडी आगीच्या बंबाची. दमदार. पण पलीकडच्या काठावर कुणी चूल पेटवली की लाँच घंटा वाजवत त्याच्या स्वयंपाकघरात. तीही बाद. मग त्याने कोपऱ्यातून गोणपाटात गुंडाळलेली जोडी काढली.

"टोचनगाडीची," म्हणाला. "रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायची. ऊन बघितलं नाही, चढ बघितला नाही. मागे कितीही वजन लावा, मध्ये थांबायची नाही. न्यायचं आणि आणायचं, दोन्ही ठाऊक."

मी पिस्टन हातात घेतला. वजन दुसऱ्याच्या बरोबर. बाजूला चरा नाही, नुसती घासून आलेली तकाकी. रिंग बोटांनी दाबली तर उसळून जागेवर आली. लायनरमध्ये सरकवला तर स्वतःच्या घरात शिरावा तसा शिरला. मी गोणपाटासकट उचलून आणला.

धक्क्यावर आलो तर दाजी डबे उघडून बसलेले. नवे. दुकानदाराशी भांडून त्यांनी बदलून आणले होते. आणि खोटं कशाला बोलू, या वेळी माल चांगला होता. तराजूत घातले तर दोन्ही पारडी समोरासमोर. रिंगेची फट हवी तेवढी.

"नव्याला सवय नसते," दाजी म्हणाले. "ना बसची, ना रोलरची. कोरी पाटी. हेच घालायचे."

त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं, तीच तर पंचाईत. मी त्यांच्याशेजारी बसलो.

"दाजी, नवा पिस्टन नव्या लायनरमध्ये आधी घासून बसावा लागतो. काही दिवस रिकामा, हळूहळू चालवायचा. मग थोडा भार, मग जास्त. उद्या सकाळी पहिल्याच फेरीला पूर्ण भार टाकलात तर गरम होऊन नदीच्या मध्यावर चिकटून बसेल. हे दोघं आपापल्या लायनरमध्ये आयुष्यभर घासलेले आहेत. उद्याच्या उद्या भार घेतील."

"भंगार घालून परवाना मागायचा?"

"परवाना पिस्टनला नको आहे, लाँचला हवा आहे."

"बस आणलीत. रोलर आणलात. गिरणी आणलीत. आता ही कोण?"

"टोचनगाडी."

दाजींनी गोणपाटाकडे असं बघितलं, जणू मीच आत गुंडाळलेला असावा. "वडिलांच्या इंजिनात?" म्हणाले. मग उठले, डबे तिथेच ठेवले आणि काठाने लांब चालत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "करा काय करायचं ते."

मी अक्काकडे बघितलं. अक्काने खोक्याची खिडकी लावून घेतली.

"खरकटी भांडी पडली होती घरी," अक्का म्हणाली. "म्हणून लावली. तू जसं सांगतोयस तसं काही नव्हतं त्यात."

मी एकटाच कामाला लागलो. लायनर बसवले, रिंगांची तोंडं एकमेकांसमोर येणार नाहीत अशी फिरवून घेतली, भरपूर ऑइल लावून पिस्टन आत सोडले. बोल्ट घट्ट करताना एकदा मनात आलं, दाजींचे नवेच घालावेत. मग काही झालं तर निदान त्यांच्या मनासारखं झालं असं तरी म्हणता येईल. पण बंद पडलेलं इंजिन कुणाच्याही मनासारखं नसतं. पुढचा बोल्ट घट्ट केला.

सोमवारी सकाळी लाँच काठोकाठ भरली. माणसं, सायकली, शेळ्या, वर वाळूची पोती. पाणी कठड्याला लागलं होतं. दाजी सुकाणूवर, मी इंजिनापाशी. तपासनिसाची वाट बघतोय तर तो आला वरच्या अंगाने, कंपनीच्या नव्या लाँचमधून. तिचीही तपासणी त्याच दिवशी होती. वर झेंडे, मध्ये गादीची खुर्ची, खुर्चीत तपासनीस. ते लोक आमच्याकडे बघून भोंगा वाजवत मध्यावर आले, आणि तो भोंगा तिथेच घसा बसल्यासारखा बंद पडला. पाठोपाठ इंजिनही.

आता कोऱ्या लाँचचं इंजिन का बंद पडलं हे मी सांगणार नाही. पण तिच्यात सगळं नवीन होतं आणि पहिल्याच दिवशी झेंडे लावून भरधाव आणली होती, एवढंच सांगतो.

तपासनिसाने खुर्चीतूनच हात केला आणि आमची सुटली. थेट पलीकडे गेली, वळली, मध्ये थांबली नाही, धूर सोडला नाही. दाजींचा चेहरा जरा सैल झाला. परत येताना मात्र मध्याजवळ तिने कान टवकारले. लाँचला कान नसतात हे मला माहीत आहे. पण टवकारले. बंद पडलेलं काहीतरी दिसलं होतं तिला. दाजी सुकाणू डावीकडे ओढताहेत, ही उजवीकडे. दाजी बोलताहेत ते इथे लिहिण्यासारखं नाही, बाई बसल्या होत्या. लाँच सरळ कंपनीच्या लाँचसमोर गेली, सावकाश फिरली, मागे मागे सरकली आणि आपली शेपूट तिच्या नाकाला लावून इंजिन हळू करून उभी राहिली.

"काय पाहिजे तिला?" तपासनिसाने विचारलं.

"दोर," मी म्हणालो. "बांधा, नाहीतर ती हलायची नाही."

तपासनिसाने स्वतःच्या हाताने दोर बांधला. गाठ जरा सैल होती. लाँचने मागेपुढे होऊन दोनदा हिसका दिला, तेव्हा त्याने नीट बांधली. मग जी ओढायला लागली, ती माणसं, सायकली, शेळ्या, वाळू, आणि मागे आख्खी नवी लाँच, झेंडे, खुर्ची, तपासनीस. पाणी दोन्ही बाजूंना भिंतीसारखं उभं राहिलं. इंजिनाचा आवाज बदलला नाही.

धक्क्यावर पोचलो, पण ती धक्क्यावर थांबेना. टोचनगाडीची खोड. बंद गाडी गॅरेजाच्या दारात सोडल्याशिवाय दोर सोडायचा नाही. आणि माझं गॅरेज धक्क्यापासून वर रस्त्याला. लाँचने नाक उतारावर टेकवलं आणि चढायला लागली. चिखल, मग फरशी, मग रस्ता. मागची नवी लाँचही खडखडत तिच्यामागे. एका सायकलवाल्याने घंटी वाजवून वाट मागितली. ह्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत आली तेव्हा कुठे दाजींना डिझेलची तोटी सापडली.

"माझ्या दुकानापर्यंत?" न्हावी म्हणाला. "मी कुठे होतो?"

"तू कुणाची तरी मान धरून बसला होतास. तुला काय दिसणार?"

न्हाव्याने जरा आठवून बघितलं. "दुकानाच्या फळीचा कोपरा तुटला होता एकदा," तो म्हणाला. "मला वाटलं होतं बैलाने मोडला."

तपासनीस खुर्चीतून उतरला, चिखल झटकला आणि तिथेच उभ्या उभ्या परवान्यावर सही केली. म्हणाला, मध्ये थांबली ती माझ्यासाठीच, आणि पूर्ण भार सांगितला होता, यांनी वर नदीखातंही ओढून आणलं. थोरल्या भावाला निरोप गेला की गोदामाची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. कंपनीची लाँच दोन दिवस माझ्या दारात उभी होती, मी दुरुस्त करून दिली. आणि दाजी.

दाजी सुकाणू सोडून खाली उतरले. फडक्याला हात पुसत पुसत माझ्याकडे आले. सगळं गाव बघत होतं, शाळेतल्या बाईसुद्धा. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मेहुणे, माझं चुकलं. तुमचं बरोबर होतं."

अक्काने कुकरचं झाकण खाली ठेवलं.

"बसथांबे ऐकले," ती म्हणाली. "चपटा मासा ऐकला, तो तर मी खाल्लाही. लाँच रस्त्यावर चढली, तेही ऐकून घेतलं. पण यांनी 'माझं चुकलं' म्हटलं? चार माणसांत? अरे, संसार केलाय मी त्यांच्याबरोबर. हे मात्र धडधडीत खोटं बोललास."